प्रश्नावलीतले पाचवे विधान

आयुष्याबद्दलचे समाधान मोजायला मानसशास्त्रज्ञ आजही जी प्रश्नावली हमखास वापरतात, ती एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केली. विधाने पाचच. प्रत्येकाला एक ते सात गुण द्यायचे. पहिली चार बसल्या जागी उरकतात. पाचवे अडवते: आयुष्य पुन्हा जगायला मिळाले, तर मी त्यात जवळजवळ काहीच बदलणार नाही. याला गुण द्यायचे तर मनाने का होईना, आयुष्याच्या टोकाशी जाऊन मागे वळून पाहावे लागते.

टोकाशी गेलेला माणूस शहाणा होऊनच परततो असे मात्र नाही. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या टुसॉनच्या २२ न्यायाधीशांना वेश्याव्यवसायाच्या एका काल्पनिक प्रकरणात जामिनाची रक्कम ठरवायला सांगितली. त्याआधी काहींना स्वतःच्या मृत्यूविषयी प्रश्न विचारले होते. इतरांनी सरासरी ५० डॉलर ठरवले, या मंडळींनी ४५५! मरणाची भीती चाटून गेली की माणूस आपली मूल्ये घट्ट धरतो आणि ती मोडणाऱ्यावर उखडतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. या धाटणीचा एक प्रयोग अलीकडे अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला, तेव्हा अपेक्षित फरक दिसला नाही. तेव्हा त्या ४५५वर फार मोठा इमला न उभारलेला बरा.

मला त्याहून बोलका वाटतो तो फिलिप कोझोलिनो आणि सहकाऱ्यांचा २००४चा अभ्यास. त्यांनी काहींपुढे प्रसंगच उभा केला: तुम्ही झोपेतून उठता, घरभर धूर आहे, बाहेर पडायला वाट नाही, तुम्ही मरता. मग विचारले, आतापर्यंतचे आयुष्य कसे गेले? घरच्यांचे काय होईल? पुढे सोडतीची तिकिटे हवी तेवढी घ्यायची मुभा दिली. पैसा-प्रसिद्धीला फार मानणारी माणसे मृत्यूच्या मोघम आठवणीनंतर जास्त तिकिटे उचलत होती. तशाच माणसांनी हा प्रसंग कल्पून आयुष्याचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांची हाव कमी झाली. मरण दोघांनाही आठवले होते.

हाव आणि समाधान यांचा संबंध टिम कॅसर आणि रिचर्ड रायन यांनी १९९०च्या दशकातच तपासला होता. संपत्ती, कीर्ती, रूप ही ध्येये ज्यांच्या केंद्रस्थानी, त्यांचे मनःस्वास्थ्य तुलनेने डळमळीत. नाती, स्वतःची वाढ, समाजासाठी काही करणे यांना पुढे ठेवणाऱ्यांचे बरे. शिवाय ध्येय कुणाचे, हेही महत्त्वाचे. लोक काय म्हणतील म्हणून पत्करलेले ध्येय गाठले, तरी त्यातून मिळणारे सुख तोकडेच.

वेळ थोडा उरलाय हे जाणवायला म्हातारपणच यावे लागते असेही नाही. लॉरा कार्स्टेन्सन यांच्या संशोधनानुसार उरलेला काळ आखूड वाटू लागला, की माणूस नव्या ओळखींपेक्षा जवळच्या माणसांकडे वळतो. १९९७मध्ये हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेले, त्या सत्तांतराच्या तोंडावर तिथल्या तरुणांतही हाच कल दिसला.

वळायचे म्हणजे काही सोडणे आलेच. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये नेमके हेच अभ्यासले. न गाठता येणाऱ्या ध्येयाचा नाद सोडणे ज्यांना जमते, ते अधिक सुखी आढळले. नवे काही हाती घेणे ही मात्र त्यांनी वेगळी क्षमता म्हणून मोजली. पहिली जमली म्हणून दुसरी जमेलच असे नसते.