राऊटरच्या पोटातली चार कामं

आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या मागांच्या कारखान्यात बिलं काढायचा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. अगदी शब्दशः. मागांवरून उडणारे सुताचे तंतू त्याच्या पंख्यात कापसाच्या गादीसारखे दाबून बसले होते. दादा म्हणाला, "काय करतो बे त्याचं? घाल की भंगारात." मी म्हटलं, राऊटर करतो.

आपण ज्याला राऊटर म्हणतो त्या डबीत खरं तर चार कामगार असतात. एक बाहेरच्या एकाच पत्त्यावर घरातल्या सगळ्यांची ये-जा सांभाळतो. दुसरा आलेल्या प्रत्येक मोबाईलला आतला पत्ता वाटतो. तिसरा वायरी एकमेकींना जोडतो आणि चौथा हे सगळं हवेत सोडतो. तो चौथा म्हणजे अॅक्सेस पॉइंट. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकलेला कुठलाही कॉम्प्युटर पहिली तिन्ही कामं मुकाट्याने करतो. अडतं ते चौथ्यापाशी.

कारण वायफायचं प्रत्येक कार्ड यजमान होऊ शकत नाही. बरीचशी पाहुणा म्हणूनच जगतात. बाजारातून आणलेला माझा स्वस्त यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून खोचायचं वायफाय कार्ड, तसलाच निघाला. खरेदीआधी चौकशी करायला हवी होती. 'आयडब्ल्यू लिस्ट' ही आज्ञा दिली की कार्ड आपल्या क्षमतांची लांबलचक यादी ओकतं. तिच्यात 'मॅनेज्ड'च्या (म्हणजे पाहुणा) आसपास 'एपी' (अॅक्सेस पॉइंट, म्हणजे यजमान) अशी दोन अक्षरं दिसली तर काम झालं. ती नव्हती. शेवटी अथेरॉस कंपनीच्या चिपचं जुनं कार्ड मिळालं आणि कार्डाला यजमान बनवणारा 'होस्टएपीडी' नावाचा प्रोग्राम त्यावर सुरू केला.

अॅक्सेस पॉइंट कुणी जोडलेलं नसतानाही गप्प बसत नाही. साधारण दर 102.4 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा वेळा, तो आपलं नाव आणि नियम पुकारतो. मोबाईलवर नेटवर्कांची यादी दिसते ती याच हाळ्यांमुळे. भारतात 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरावीक ताकदीपर्यंत असं पुकारायला 2005 पासून परवाना लागत नाही.

या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. विटांच्या भिंतीतून ती दमत का होईना पार होते, पण लोखंडापुढे तिचं काही चालत नाही. आमच्याकडे वर पत्रे, खाली रांगेने माग! अँटेना कॉम्प्युटरच्या लोखंडी पेटीमागे असताना शेवटच्या मागापाशी कसंबसं मेसेज जायचे. छोट्या वायरीने ती पेटीपासून दूर, डोक्याच्या वर टांगली तेव्हा कुठे फरक पडला. वायर मुद्दाम आखूड ठेवली, कारण या वारंवारितेला लांब वायर बराच सिग्नल गिळते.

आता माझी चूक. इंटरनेट कंपनीचा मोडेम आधीच पत्ते वाटत होता. त्यामुळे मी आमच्या कॉम्प्युटरला नुसता पूल केला, इकडची वायर आणि तिकडची हवा एकत्र. पण कॉम्प्युटरचं पत्तेवाटप बंद करायला विसरलो. एकाच गल्लीत दोन पोस्टमन! ज्याला मोडेमकडून पत्ता मिळाला त्याचं सुरळीत चालायचं; आमच्या कॉम्प्युटरकडून मिळाला की 'वायफाय जोडलंय, इंटरनेट नाही'. दोन दिवस मी अँटेनाच हलवत बसलो होतो.

पैशाचं बोलायचं तर हा सौदा परवडणारा नाही. रात्रंदिवस चालणारा जुना डेस्कटॉप 60 वॅट जरी खात असला तरी महिन्याला सुमारे 43 युनिट होतात. विकतचा राऊटर साधारण 10 वॅटच्या आत भागवतो. त्यापेक्षा जुना लॅपटॉप बरा. वीज कमी खातो, बॅटरीत जीव असेल तर लाईट गेल्यावरही चालू राहतो, फक्त मोडेमलाही इन्व्हर्टर हवा. आम्ही यथावकाश तोच बसवला. डेस्कटॉप मे महिन्यात, पत्र्याखाली, दुपारी अडीच वाजता गेला. पंखा उघडला तर आत पुन्हा सूतच.