चाळीसगावला उतरण्याआधी : केकी मूस यांची ओळख

आमच्या एकदिवसीय सहलीच्या प्रवाशांसाठी

पाटणादेवीच्या सहलीत छायाचित्रकार केकी मूस यांच्या कलादालनाला एवढा वेळ कशाला, असं बुकिंग करताना पुष्कळ जण विचारतात. स्टेशनजवळचा एक जुना बंगला, तो अर्ध्या तासात पाहून होईल, असं त्यांना वाटतं. गाडीच्या गोंगाटात याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक आधीच आपल्या हाती देत आहोत.

कैखुस्रू माणेकजी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब चाळीसगावात स्थायिक झालं. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकल्यानंतर ते कलेच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. तिथून अमेरिका, जपान, रशिया असा प्रवास केला, ठिकठिकाणची कला पाहिली आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस चाळीसगावला परतले. ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचं निधन झालं. मधली जवळजवळ पन्नास वर्षं ते या बंगल्याबाहेर क्वचितच पडले.

त्यामागची गोष्ट खानदेशात सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईच्या एका मैत्रिणीनं पंजाब मेलनं येण्याचा शब्द दिला होता, म्हणून रोज रात्री ती गाडी येऊन जाईपर्यंत ते दार उघडं ठेवून, दोघांचं ताट वाढून थांबत, असं सांगतात. ही गोष्ट आम्हीही सांगतो. पण ती ऐकून माणूस इतका हळहळतो की भिंतीवरचं काम बघायचंच राहून जातं, आणि त्याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. वाट पाहणारा माणूस पन्नास वर्षं काम करत होता. ते काम पाहायला आपण जात आहोत.

केकी मूस चित्रं काढत, लाकडात कोरत, मातीत घडवत, कागदाच्या घड्यांतून ओरिगामी करत, सतार वाजवत. त्यांचं नाव मात्र जगभर पोचलं ते टेबल-टॉप छायाचित्रांमुळे. हा प्रकार थोडा समजून घेतला तर दालनात पाय निघणार नाही.

यात छायाचित्रकार देखावा शोधायला बाहेर जात नाही, तो टेबलावर उभा करतो. मीठ किंवा पावडर पसरली की बर्फ होतो, काचेच्या तुकड्याचं तळं होतं, वाळक्या काड्यांचं रान होतं. हे सगळं खरं वाटतं ते तीन गोष्टींमुळे. पहिली, चौकटीत अशी एकही वस्तू येऊ द्यायची नाही जिच्यावरून आकाराचा अंदाज लागेल. एक काडेपेटी दिसली तरी डोंगर कोसळतो. दुसरी, कॅमेरा खाली, त्या इवल्याशा जगातल्या माणसाच्या नजरेइतका उतरवायचा. आणि तिसरी, सगळ्यात अवघड, म्हणजे प्रकाश. एकाच बाजूनं, कमी उंचीवरून तिरपा आला की लांब सावल्या पडतात आणि टेबलावर संध्याकाळ होते. जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट हवं म्हणून भिंगाचं छिद्र बारीक करावं लागतं. मग प्रकाश कमी पडतो आणि फिल्मला जास्त वेळ द्यावा लागतो. फिल्म धुतल्याशिवाय चूक कळायची नाही. संगणकावर दुरुस्ती करण्याचा तो काळ नव्हता.

अशी छायाचित्रं गोष्ट सांगतात, कारण त्यात आपोआप आलेलं काहीच नसतं. झोपडीच्या खिडकीत उजेड आहे, तर तो कुणीतरी ठेवला आहे. वाट उजवीकडे वळते, तर ती वळवली आहे. म्हणून आमची विनंती अशी, की चित्रासमोर आधी चार पावलं मागं उभे राहा. उजेड कुठून येतोय ते शोधा. मग जवळ जाऊन ते कशाचं केलंय हे ओळखायचा प्रयत्न करा. मुलांना हे फार आवडतं.

बंगल्याला त्यांनी रेम्ब्राँ या डच चित्रकाराचं नाव दिलं होतं. काळोखातून एका बाजूनं चेहऱ्यावर उतरणारा उजेड ही रेम्ब्राँची (१६०६–१६६९) ओळख, आणि मूस यांची छायाचित्रं पाहताना हे नातं लगेच कळतं. रेम्ब्राँनं जग पाहिलेलं नव्हतं. तो हॉलंडमध्येच राहिला, तरी भारतातून तिथं पोचलेली मुघल लघुचित्रं समोर ठेवून त्यानं रेखाटनं केली. मूस यांनी आधी जग पाहिलं आणि मग घर धरलं. आम्हाला तर वाटतं, जपान-अमेरिका पाहून आलेल्या या कलावंताला चाळीसगावात काही कमी पडलं नसावं. त्याला लागणारं जग टेबलावर मावत होतं.

दुपारी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी, हिवाळ्यात भरीत. जेवण करून पाटणादेवीकडे निघू. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथं मठ काढल्याची नोंद पाटणच्या शिलालेखात आहे. त्याविषयी वेगळं पत्रक गाडीत मिळेल.

दालनात फोटो काढण्याआधी तिथल्या व्यवस्थापकांची परवानगी घ्यावी. परवानगी मिळाली तरी फ्लॅश बंद ठेवावा, कारण जुने कागद आणि रंग उजेडानं फिके पडतात. फ्रेमच्या काचेला हात लावू नये. जिना चढायला त्रास होणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळी सांगावं, म्हणजे सोबतीला आमचा माणूस देता येईल.