तंबाखूच्या पानातलं पोलोनियम येतं कुठून?

निपाणी-चिकोडीकडं तंबाखूचे शेंडे खुडलेल्या कुणालाही विचारा, त्या पानाचा चिकटा कसा असतो. बोटं काळी पडतात, दोनदा साबण लावला तरी जेवताना घास कडू लागतो. त्याच चिकट लवेवर हवेतून, पुढं पोलोनियम बनणारं किरणोत्सर्गी शिसंही येऊन बसतं. त्याचं मूळ जमिनीतल्या युरेनियममध्ये आहे.

युरेनियममधून अदृश्य किरण निघतात हे हेन्री बेक्वेरेलला १८९६ मध्ये दिसलं. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्युरींनी पोलोनियम आणि रेडियम ही किरणोत्सर्गी मूलद्रव्यं शोधली. पुढच्याच वर्षी रदरफर्डनं या किरणांतल्या सहज अडणाऱ्या प्रकाराला ‘अल्फा’ म्हटलं. मग कॅनडात माँट्रियलला त्यानं आणि त्याचा सहकारी सॉडी यानं दाखवलं, की थोरियम आपोआप दुसरंच मूलद्रव्य होतं. मूलद्रव्य बदलत नाही, या भरवशावर उभ्या असलेल्या रसायनशास्त्राला हा केवढा हादरा!

पण अल्फा म्हणजे काय? १९०८ मध्ये रदरफर्ड आणि रॉयड्स यांनी रेडॉन वायू अतिशय पातळ काचेच्या नळीत कोंडला. तिच्यातून अल्फा कण पार व्हायचे, वायू मात्र आतच राहायचा. ही नळी दुसऱ्या नळीत बसवलेली होती आणि ती बाहेरची नळी निर्वात होती. दोन दिवसांनी तिथल्या प्रकाशाच्या वर्णपटात हेलियमची ओळख असलेली पिवळी रेषा उमटली, सहा दिवसांनी सगळ्या ठळक रेषा. मला तर इतका स्वच्छ पुरावा दुसरा आठवत नाही: अल्फा म्हणजे हेलियमचं केंद्रकच.

त्यात दोन प्रोटॉन असतात. अल्फा कण निसटला की अणू मूलद्रव्यांच्या कोष्टकात दोन घरं मागं सरकतो, हा नियम १९१३ चा. युरेनियम (९२ प्रोटॉन) थोरियम (९०) होतं, रेडियम (८८) रेडॉन (८६).

युरेनियमपासून एकातून दुसरं मूलद्रव्य बनत जाणाऱ्या या साखळीत रेडॉन तेवढा वायू, म्हणून तो मातीतून वर येतो. ३.८ दिवसांत निम्मा संपतो आणि टप्प्याटप्प्यानं शिसं-२१० होतो (२१० म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून). ते पानावर बसतं. फॉस्फेट खतातूनही थोडं येतं. त्याचंच पुढं पोलोनियम-२१० बनतं. सिगारेटच्या धुरात ते असल्याचं रॅडफर्ड आणि हंट यांनी १९६४ मध्ये दाखवलं. अल्फा कण कातडीवरच अडतात, पण धूर फुफ्फुसात गेला की मधे कातडी कुठं असते?

पोलोनियम-२१० दर १३८ दिवसांनी निम्मं होतं आणि स्थिर शिसं-२०६ बनतं. म्हणून वर्षभर वखारीत ठेवलेल्या तंबाखूतून ते निघून जाईल, असं कुणाला वाटेल. तसं होत नाही. शिसं-२१० निम्मं व्हायला २२ वर्षं लागतात आणि तोवर ते नवं पोलोनियम घडवतच राहतं.