निलंबित बचावपटू (फुटबॉल)

लाल कार्डामुळे किंवा साठलेल्या पिवळ्या कार्डांमुळे बंदी आलेल्या बचावपटूंशिवाय सामना खेळण्याची वेळ आली, की फुटबॉल संघाला बचावफळीची फेरमांडणी करावी लागते. हंगामाच्या सुरुवातीला हे काम जास्त अवघड असते. बचावफळीतल्या जोड्या तेव्हा नव्या असतात आणि राखीव खेळाडूंनी पुरते सामने खेळलेले नसतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातल्या जिल्ह्यांत शालेय स्पर्धा ऐन पावसाळ्यात भरतात. त्यामुळे तिथे मैदानाचाही विचार करावा लागतो.

पिवळी आणि लाल कार्डे 1970 च्या मेक्सिको विश्वचषकापासून वापरात आली. एकाच सामन्यात दोन पिवळी कार्डे मिळाली की लाल कार्ड दाखवले जाते. सामना सुरू झाल्यावर लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येत नाही आणि संघात सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना पुढे चालत नाही. लाल कार्डाबरोबर साधारणपणे किमान पुढच्या एका सामन्याची बंदी येते. मारहाण किंवा पंचांशी गैरवर्तन असेल तर ती वाढते. साखळी स्पर्धेत पिवळ्या कार्डांची बेरीज होते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पहिल्या 19 सामन्यांत पाच पिवळी कार्डे झाली की एका सामन्याची बंदी येते. म्हणजे अशा नियमात बेरजेमुळे येणारी बंदी सहाव्या सामन्याआधी लागूच शकत नाही. हंगामाच्या आरंभी बाहेर बसणारा बचावपटू एक तर गेल्या हंगामातली उरलेली बंदी भोगत असतो, नाहीतर त्याला नुकतेच लाल कार्ड मिळालेले असते. तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्यांनी जाणाऱ्या बाद पद्धतीच्या स्पर्धांत तर लाल कार्डाचीच धास्ती मोठी. पुढचा सामना दुसऱ्याच दिवशी असू शकतो आणि सरावाला वेळ मिळत नाही.

पावसाळ्यात बचावपटू कार्डात का सापडतो, याचे उत्तर बऱ्याचदा काळ्या मातीत असते. तापीकाठची काळी कसदार जमीन भिजली की बुटाला चिकटते आणि वळायला अर्धे पाऊल उशीर होतो. घसरत केलेला टॅकल (चेंडू हिसकावण्याचा प्रयत्न) चेंडूपाशी थांबत नाही, थेट पायावर जातो. त्याहून घातक म्हणजे आडवा किंवा मागे दिलेला हळू पास. चेंडू डबक्यात थबकतो, समोरचा आघाडीवीर तो पायात घेऊन गोलकडे सुटतो आणि शेवटचा बचावपटू त्याची जर्सी धरतो. स्पष्ट गोलसंधी अशी हिरावली तर लाल कार्ड ठरलेले. 2016 च्या नियमबदलानंतर पेनल्टी क्षेत्रात चेंडूसाठी प्रामाणिक प्रयत्न करताना फाऊल झाला आणि पेनल्टी दिली गेली, तर अशा वेळी पिवळे कार्ड मिळते. ओढणे, धरणे, ढकलणे याला मात्र ही सवलत नाही. म्हणून ओल्या मैदानावर बचावफळीने मागे पास देण्याचा मोह टाळून चेंडू बाजूरेषेकडे लांब मारावा.

बदली निवडताना सर्वाधिक होणारी चूक म्हणजे एका जागेसाठी तिघांना हलवणे. स्टॉपर (फळीच्या मधोमध खेळणारा बचावपटू) बाहेर आहे म्हणून चांगला राईट बॅक (उजव्या कडेचा बचावपटू) आत आणला, विंगरला (कडेने चढाई करणाऱ्याला) राईट बॅक केले आणि नवा विंगर घेतला, तर एका भोकाची तीन होतात. राखीव स्टॉपर कच्चा असला तरी शक्यतो त्यालाच खेळवावे आणि बाकीचे तिघे जागच्या जागी ठेवावेत. त्याला बोलक्या जोडीदाराच्या शेजारी उभे करावे. 'सोड', 'मागे', 'बाहेर' एवढे तीनच शब्द ठरवून घेतले तरी पुरते. दोन्ही स्टॉपर निलंबित असतील तर बचावात्मक मिडफिल्डरला मागे घ्यावे आणि एक आघाडीवीर कमी करून 4-5-1 (चार बचावपटू, मधल्या ओळीत पाच, पुढे एक) खेळावे. तीन बचावपटूंची नवी रचना अशा वेळी आजमावू नये. बाजूच्या मोकळ्या जागा कोणी भरायच्या हे मुरायला आठवडे लागतात.

नव्या जोडीला पाठीमागे धावण्याच्या शर्यतीत पडू द्यायचे नसते. त्यासाठी फळी एरवीपेक्षा पाचेक मीटर मागे ठेवतात आणि ऑफसाईडचा सापळा (एकदम पुढे सरकून आघाडीवीराला ऑफसाईड ठरवण्याची युक्ती) बंद करतात. दोन स्टॉपरमध्ये साधारण 10 मीटर अंतर राहील, असे पाहावे. मिडफिल्डर त्यांच्या पुढे 8 ते 10 मीटरवर उभा राहून मधली वाट अडवतो. फळी मागे सरकली आणि मधली ओळ पुढेच राहिली, तर मधल्या मोकळ्या पट्ट्यातून लांबवरचे फटके येतात. हे सर्रास घडते, म्हणून दोन्ही ओळी एकत्र सरकल्याच पाहिजेत.

समोरच्या संघाच्या कॉर्नरला कोणी कुठे उभे राहायचे याची यादी नव्याने लिहावी लागते, आणि नेमके हेच राहून जाते. निलंबित स्टॉपर बहुधा संघातला सर्वांत उंच खेळाडू असतो. जवळच्या खांबापाशी चेंडू डोक्याने काढणे किंवा समोरच्या सर्वांत धोकादायक खेळाडूवर पहारा ठेवणे हे त्याचे काम असते. बदली खेळाडूकडे ती जबाबदारी आपसूक जाऊ देऊ नये. उंच आघाडीवीराला जवळच्या खांबापाशी बोलवावे आणि नवख्याला गोलपासून दूरच्या, कमी उंचीच्या खेळाडूवर नेमावे. फ्री किकची भिंत 9.15 मीटरवर लागते. ती लावण्याचे काम गोलरक्षकाकडेच असू द्यावे.

दोन-तीन दिवस हाताशी असतील तर पहिल्या सत्रात चार बचावपटू विरुद्ध सहा आक्रमक असा 20 मिनिटांचा सराव घ्यावा. दुसऱ्या सत्रात दोन्ही बाजूंनी दहा-दहा कॉर्नर खेळावेत. शेवटच्या दिवशी फक्त चालत चालत जागा समजावून द्याव्यात. सामना दुसऱ्या दिवशीच असेल तर हे शेवटचे काम वॉर्मअपमध्ये उरकावे लागते. बदली खेळाडूला पूर्वार्धातच पिवळे कार्ड मिळाले तर मध्यंतरात त्याची बाजू बदलावी, म्हणजे समोरच्या वेगवान विंगरशी त्याची गाठ पडत नाही.

व्यवस्थापकाने बंदीची नोंद सामन्याच्या अहवालावरून स्वतः ठेवावी. निलंबित खेळाडू चुकून उतरला तर जिंकलेला सामनाही प्रतिस्पर्ध्याला 3-0 असा बहाल होऊ शकतो. प्रतिस्पर्धी न आल्याने पुढे चाल मिळाली, तर बंदी भोगली गेली की नाही हे त्या त्या स्पर्धेच्या नियमांवर अवलंबून असते. त्याचे उत्तर आयोजकांकडून लेखी घेतल्याशिवाय त्या खेळाडूचे नाव पुढच्या सामन्याच्या यादीत घालू नये.