लाकडी कवायती गोळा: आधी ओळख, मग साफसफाई

ब्रिटिश सैन्याने १९०४ साली स्वीकारलेल्या अठरा पौंडी तोफेत गोळा आणि पितळी काडतूस एकमेकांत घट्ट बसवलेले असत आणि ते एकदमच आत सारावे लागत. ती सवय हाताला लागावी म्हणून कवायती, म्हणजे बिनदारूचे सरावाचे गोळे बनवले गेले. त्यांतल्या लाकडी नमुन्यांत धड लाकडाचे, तर बूड आणि टोक पितळेचे किंवा गनमेटलचे (तांबे-कथलाच्या मिश्रधातूचे) असे. लाकडाने नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या वळणदार खाचांना, ओरखडे पडत नाहीत. बुडाची कड मात्र धातूचीच हवी, कारण काडतूस बाहेर ओढणारा आकडा तिलाच धरतो. कडेवरचे छोटे चावे त्या आकड्याचेच. ते घासून सपाट केले, तर वस्तू खरोखर वापरली गेल्याचा पुरावाच पुसला जातो.

लाकूड दिसले की वस्तू निर्धोक, हा समज धोक्याचा आहे. जर्मन सैन्याच्या ७.९२ मिलिमीटरच्या ‘प्लाट्झपात्रोने ३३’ या काडतुसाची गोळी रंगवलेल्या पोकळ लाकडाची होती, पण आत खरी दारू आणि खरी टोपी (बुडातली, ठोका बसताच पेटणारी कॅप) असे. मोठ्या गोळ्यांत शंका घ्यावी ती टोकावरच्या फ्यूजची, म्हणजे गोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेची: धड लाकडी असले तरी फ्यूज कवायतीचाच असेल असे नाही. टोपी शाबूत दिसली किंवा फ्यूज ओळखू आला नाही, तर काहीही पिळू, ठोकू वा तापवू नये. वस्तू जागीच ठेवून ११२ ला कळवावे.

मोजमाप व्हर्निअर कॅलिपरने आणि धातूच्या भागावरच घ्यावे, कारण लाकूड सुकून आडवे आक्रसते. अठरा पौंडी तोफेचा व्यास ८३.८ मिमी आणि काडतुसाची लांबी सुमारे २९५ मिमी. पंचवीस पौंडी तोफेचा व्यास ८७.६ मिमी, पण तिचा गोळा आणि काडतूस वेगवेगळे भरत, म्हणून सलग एकसंध नमुना तिचा नसतो. सहा पौंडी हॉचकिस तोफेचा व्यास ५७ मिमी. मग बुडावरचे ठसे तिरक्या उजेडात वाचावेत. रुंद बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. बाणाखाली रोमन ‘आय’ अक्षर असेल, तर माल भारतासाठीचा. मार्कचा, म्हणजे नमुन्याच्या आवृत्तीचा, आकडा रोमन असेल, तर नमुना बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीआधीचा. ०.३०३ इंची रायफलच्या छोट्या कवायती काडतुसांवर ‘के एफ’ अक्षरे असतील, तर ती आपल्या खडकीच्या, १८६९ पासूनच्या कारखान्यातली.

सगळ्यांत जास्त नासधूस पितळ चकचकीत करण्याच्या हौसेपायी होते. चिंच-मिठाने तांबूस डाग पडतात, आणि मिठातला क्लोराइड धातूत राहिला की पुन्हा पुन्हा फिकट हिरवी भुकटी येते. अमोनिया असलेले पॉलिश तर ओढून घडवलेल्या काडतुसाच्या पितळेला फारच वाईट. ब्रिटिश फौजेची भारतातली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. ती तबेल्यांत साठवलेली असत, आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढकामातून पितळेत उरलेला ताण या तिघांमुळे धातू चिरत असे. याचा उलगडा १९२१ साली प्रसिद्ध झाला. पितळ बेताने तापवून ताण काढणे हा त्यावरचा उपाय. ओतीव गनमेटलला हा धोका कमी, पण हातातली वस्तू ओतीव की ओढलेली याची खात्री नसेल, तर अमोनिया टाळावाच. मऊ ब्रश, मग टर्पेंटाइनचा कापूस, एवढे पुरते. पितळ आणि लाकूड जुळते तिथला हिरवा मेणचट थर म्हणजे जवसाच्या तेलातली आम्ले आणि तांबे यांचा साबण. तो बांबूच्या काडीने अलगद निघतो.

जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. सॅंडपेपर मुळीच नको.

लाकूड गोलाईच्या दिशेने साधारण ५ ते १० टक्के आक्रसते, गाभ्याकडे त्याच्या निम्मे, लांबीत जवळजवळ शून्य. हा फरक न सोसल्यानेच उभ्या भेगा पडतात. उन्हाळ्यात त्यांत कडक पुट्टी भरली की पावसाळ्यात फुगणारे लाकूड तिच्यावर रेटते आणि शेजारी नवी भेग पडते. त्यापेक्षा वस्तू तीनचार आठवडे घरच्या हवेत ठेवावी, मग त्याच जातीच्या लाकडाची पातळ फाचर सरसाने भेगेच्या एकाच बाजूला चिकटवावी. धातूचे कडे सैल झाले तरी इपॉक्सी नको. लाकडातून लोखंडी सळई गेली असेल आणि तिचे नट गंजले असेल, तर ते न हलवणेच उत्तम.

बारीक भोकांतून ताजी भुकटी पडत असेल, तर आत कीड जिवंत आहे. पॉलिथिनमध्ये हवाबंद गुंडाळून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवावे आणि पिशवी बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. नाहीतर पितळेवर दव धरते.

झिलईच्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब लावल्यावर ती चिकट झाली, तर ते लाखेचे पॉलिश; तिथे यापुढे स्पिरिट वर्ज्य. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. ठेवताना खाली लोकरी फेल्ट नको, त्यातल्या गंधकाने पितळ काळवंडते. पॉलिथिनचा फोम वापरावा.