फणसाची गिटार आणि पिकअप: लाकडाच्या आवाजामागची थोडी पार्श्वभूमी

कोकणात कोणी हौसेने इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली की आधी चर्चा लाकडाचीच. फणस घेऊ की सागवान, शिवण चालेल का, परसातला आंबा पडलाय त्याची फळी काढू का, आणि मग हळूच, "फणसात पिकअपचा आवाज गोड येईल ना?" विचारणाऱ्याला हसू नये. वीणा फणसाच्या लाकडाची असते, मिरजेच्या तंबोऱ्याला भोपळा असतो, आणि तिथे ते लाकूड, तो भोपळा स्वतः थरथरून हवा हलवतो तेव्हा कुठे आपल्याला नीट ऐकू येतं. तोच कान घेऊन आपण इलेक्ट्रिक गिटारकडे जातो आणि घोळ तिथे होतो.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते, फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं तेच तत्त्व. ती वीज केबलमधून अँपला (आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरला) जाते. लाकडाचा या व्यवहारात थेट काही संबंध नाही, म्हणून तर नायलॉनच्या तारा लावल्या तर असला पिकअप मुका राहतो, लाकूड कितीही भारी असू दे.

आणि गंमत अशी की बाजारात आलेली पहिली गाजलेली इलेक्ट्रिक गिटार लाकडाची नव्हतीच. जॉर्ज बीचम आणि रिकनबॅकर यांची "फ्राइंग पॅन", मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन पद्धतीची. नमुना मेपलचा केला होता पण 1932 मध्ये विकायला आली ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमची. स्टेजच्या लाइटखाली धातू तापून सूर हलायचा म्हणून 1935 मध्ये बेकेलाइट या प्लास्टिकची काढली. म्हणजे पिकअपची गिटार विकायला आली तेव्हापासूनच लाकडाशिवाय काम चालू होतं.

लाकूड आलं ते पोकळ गिटारवर. 1936 ची गिब्सन कंपनीची ईएस-150, आतून पोकळ, वरची पाटी पातळ, त्यावर पिकअप. हळू वाजवा, मस्त. आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज पाटीला हलवणार, पाटी तारांना हलवणार, ते परत स्पीकरमध्ये, आणि मग ती कानात घुसणारी शिट्टी, गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरसमोर नेला की होते तशीच. यावरचा उपाय म्हणजे भरीव बॉडी. गिटारवादक लेस पॉलने 1940 च्या सुमारास चार बाय चार इंची पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप चढवले, लोकांना ते ध्यान बघवेना म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ गिटारचे अर्धे अर्धे तुकडे चिकटवले, निव्वळ दिसायला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मुख्य गोष्ट हीच आहे: भरीव लाकूड आणलं ते त्याने गप्प बसावं म्हणून, आणि पुढे आपण त्यालाच बोलकं ठरवलं.

फेंडर गिटार कंपनी काढणारा लिओ फेंडर तर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. सुरुवातीचा नमुना पाइनचा, मग 1950 पासून अ‍ॅश, 1954 ची स्ट्रॅटोकास्टरसुद्धा अ‍ॅशची. 1956 मध्ये बहुतेक रंगांसाठी अल्डर आलं. का? अ‍ॅशची छिद्रं उघडी असतात, रंग द्यायच्या आधी ती भरत बसावं लागतं, अल्डरवर रंग पटकन बसतो. फिकट पारदर्शक रंगात रेषा छान दिसतात म्हणून तिथे अ‍ॅश तसंच ठेवलं. म्हणजे ज्या दोन लाकडांच्या "टोन"वर लोक रात्र रात्र भांडतात त्यांची अदलाबदल रंगकामाच्या सोयीने झाली 😄

गिब्सनने मात्र आवाजाचा विचार केला होता हे मान्य करायला हवं. 1952 च्या लेस पॉल मॉडेलला खाली महॉगनी, वर मेपल, कारण नुसता मेपल जड पडायचा आणि नाद किती वेळ टिकावा हेही त्यांना जुळवायचं होतं. पण 1957 मध्ये त्याच बॉडीवरचा पी-90 (एकाच कॉइलचा, म्हणजे वेढ्यांच्या एकाच गुंडाळीचा पिकअप) काढून त्यांच्याच इंजिनिअरचा, सेथ लव्हरचा हंबकर बसवला आणि गिटारचा स्वभावच बदलला. लाकूड तेच होतं. हंबकर म्हणजे उलट सुलट जोडलेल्या दोन कॉइल, त्यामुळे विजेची घरघर एकमेकींत मरते. आपल्याकडे ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर जनरेटर, लायटिंग, डिमर एकाच बोर्डावर असतात तिथे सिंगल कॉइलवाल्याला विचारा याची किंमत.

डॅनइलेक्ट्रोने 1950 च्या दशकात मॅसोनाइट म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंची पाटी वापरून गिटार विकल्या, त्यांचा आवाज लोक अजून शोधत फिरतात. 1969 मध्ये पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची आली. त्याही वाजल्याच. लाकडाची दंतकथा वाढली ती नंतर, जुन्या गिटारींना भाव यायला लागले तेव्हा, कारण जुनी गिटार आवडली तर त्यातलं लाकूड किती, पिकअप किती, हे वेगळं काढायला कोणी बसत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या ना. कोकणात गिटारपेक्षा बेंजोच जास्त वाजतो, हळदीला, मिरवणुकीला, शिमग्याला. मूळ जपानी वाद्य, 1912 मध्ये गोरो मोरिताने केलेलं, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, आणि आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावून भोंग्यातून गाव हलवलं. त्याची पेटी कुठल्या लाकडाची हे आजवर एकाही नाचणाऱ्याने विचारलेलं नाही.

मग लाकडाने काहीच होत नाही का? होतं, पण आडून. तारेची ताकद लाकडात जिरते, विशेषतः नेकमध्ये (गिटारच्या मानेत), म्हणून फेंडर बेसवर 'जी' (G) सुराच्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) आसपास सूर लवकर मरतो. पिकअप मेणात बुडवलेला नसेल तर बॉडीवर टकटक केलेलीसुद्धा अँपमधून ऐकू येते, तिथे थोडा हिस्सा लाकडाचा. पण वेढे किती, चुंबक कुठलं, पिकअप तारेपासून किती लांब, ब्रिजजवळ (तारा बॉडीवर टेकतात तिथे) की नेकजवळ, केबल किती लांब (लांब केबलने वरचे सूर बोथट होतात), याच्यापुढे ते फार छोटं.

यात सह्याद्रीचाही वाटा आहे बरं का, तो बॉडीत नाही, फ्रेटबोर्डमध्ये. 1960 च्या दशकात ब्राझीलचा रोझवूड मिळेनासा होत गेला तेव्हा जगभरच्या कंपन्या भारतीय रोझवूडकडे वळल्या, म्हणजे आपलं शिसव. 2017 मध्ये साइट्स (CITES) या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने रोझवूडच्या सगळ्या जातींवर कागदपत्रांची अट घातली, कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली, 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली.

तर फणसच वापरायचा असेल तर वापरा, रंग तर सुंदरच येतो. फक्त आमच्या बाजूला ओल्या फळीवर घाईने काम करायची खोड आहे. गिटारवाले साधारण 6 ते 8 टक्के ओलाव्याचं लाकूड धरतात आणि जून लागला की इथली हवा सगळं परत पिऊन घेते, नेक वाकते, तारा गंजतात, जुन्या तारेचा आवाज मेलेला असतो आणि दोष जातो फणसाला. फळी नीट वाळवा, नेकमध्ये ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी धातूची सळई) घालाच, आणि महागड्या परदेशी लाकडाचे पैसे वाचले तर चांगला पिकअप आणि दोन सेट तारा घ्या.