पातेरा-खाद्य, शोभिवंत कोळंबीचे

गोड्या पाण्याच्या काचपेटीत पाळलेल्या लहान कोळंबीला वाळलेली पाने खायला देण्याची पद्धत. कोकणात गळून पडलेल्या सुक्या पानांना पातेरा म्हणतात. भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन पेरणीआधी भाजण्यासाठी, तो गोळा करण्याचे आणि पाळणाऱ्यांनी पाने वेचण्याचे दिवस साधारण एकच. कोळंबी येथे कालवणातली नव्हे. अटायडी कुलातली, जेमतेम दोन-तीन सेंमी. लांबीची. पेट्यांत बहुधा पूर्व आशियातील चेरी कोळंबी असते. तिचे शास्त्रीय वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ बूव्हिए यांनी १९०४ मध्ये केले.

पानांत अग्रमान बदामाला. हा सुक्या मेव्यातला बदाम नव्हे, तर किनाऱ्यावर दारोदारी दिसणारा मजल्यामजल्यांचा वृक्ष, टर्मिनॅलिया कटाप्पा. ‘कटाप्पा’ मलाय ‘केतापांग’वरून आले. फळाची साल भेंडासारखी हलकी असल्याने ते समुद्रातून दूर तरंगत जाते, म्हणून मूळस्थानाची सीमा आखणे अवघड. कोकणातली बहुतेक झाडे मात्र लावलेली आहेत. मोनिअर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘इंगुदी’ म्हणजे हाच वृक्ष असे सांगून लगेच मराठी नाव हिंगणबेट दिले आहे. हिंगणबेट काटेरी, कोरड्या मुलखातला आणि वेगळ्याच कुलातला. शाकुंतलात इंगुदीची फळे फोडून तेलकट झालेले दगड दिसतात ते मालिनीकाठच्या आश्रमात, समुद्रापासून फार दूर. तेव्हा इंगुदी म्हणजे हिंगणबेट हेच मत अधिक ग्राह्य वाटते.

झाडावरच तांबडे होऊन गळलेले पान घेतात. हिरवे तोडून वाळवलेले घेत नाहीत. धुऊन, उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवून सोडले की ते बुडते. चारसहा दिवसांत त्यावर बुळबुळीत थर चढतो. कोळंबी नांग्यांच्या टोकांवरील केसांच्या कुंचल्यांनी तो थर खरवडून तोंडात नेते. तिचे खरे अन्न त्यातले जीवाणू आणि बुरशी, पान हे त्यांचे शेत. पुढे मऊ पडलेला गरही जातो आणि शिरांची जाळी उरते. पानातील टॅनिनांमुळे (तुरट द्रव्यांमुळे) पाणी कोऱ्या चहासारखे होते. पाणी मृदू असेल तर आम्लताही थोडी वाढते. कठीण पाण्यात फरक जाणवत नाही. पानांचा अर्क प्रयोगशाळेत काही जीवाणूंना रोखतो, पण पेटीतल्या एका पानाकडून औषधाची अपेक्षा धरणे अतिशयोक्तीचे.

फणस, पेरू व केळीची पानेही चालतात. आंबा-काजूच्या बागेजवळचा पातेरा मात्र टाळावा. मोहोरावरील तुडतुड्यांसाठी मारलेल्या कीटकनाशकांपैकी पायरेथ्रॉइडे संधिपाद प्राण्यांना अत्यल्प मात्रेतही मारक असतात, आणि कोळंबी संधिपादच आहे.

सह्याद्रीच्या ओढ्यांतील कॅरिडिना प्रजातीची स्थानिक कोळंबीही कुजक्या पाचोळ्यावर चरते.